पाइपला हात लावून

सोमवार, ११ जानेवारी १९८२

पहिला मिक्सर मेला. तो मेला म्हणून दुपारी तीन वाजता आम्ही सगळ्यांनी बसून केक खाल्ला. या प्रयोगशाळेत मयताचं जेवण त्याच दिवशी उरकतात. नियम असा, की ज्याच्या हातून डायोड गेला त्यानं केक आणायचा. डायोड मेर्ता बसवते, आणि मी तार जोडून पाहिलं तर तो मेलेला; म्हणून केक तिनं आणला. वर सायीचा ढीग, त्यावर डबाबंद पीचच्या फोडी. मी साय चमच्यानं बाजूला खरवडली. आपलं दोन वर्षांचं काम कचऱ्यात गेलेलं असताना लोक बोटं कशी चाटू शकतात?

मिक्सर म्हणजे काय हे बायकोला सतरा वेळा सांगून झालं, पण गुनिल्लाला अजून पिठाचं यंत्रच आठवतं. आकाशातून येणारी लाट सेकंदाला शंभर अब्ज वेळा थरथरते. ती तशीच्या तशी हाताळणं कोणत्याही साध्या यंत्राच्या आवाक्यातलं नाही. म्हणून तिच्यासोबत जवळपास तेवढ्याच वेगाची आपली एक लाट डायोडवर सोडायची. दोघींमधला फरक तेवढा बाहेर काढायचा. तो मंद असतो, त्याला कुणीही हाताळू शकतं. सगळी मदार त्या एका डायोडवर. त्याच्याभोवतीचा पितळी ठोकळा, आतली चपटी नळी, मागची सरकती भिंत, हे सगळं मी गणित करून काढलं. आयुष्यभर कागदावर काम केलं, ही माझी पहिली हातात धरता येणारी वस्तू.

आणि ती मेर्ताच्या हातात. डायोडची चकती तांदळाच्या कणीएवढी, तिच्यावर हजारो ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक डायोड. केसाहून बारीक तारेला आम्लात टोक काढायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्क्रू फिरवत ते टोक एका ठिपक्यावर टेकवायचं. चकती ठोकळ्यात डाखलेली असते, तेव्हा तो ठिपका मेला की अख्खी चकती बाद. मेर्ता अठ्ठावन्न वर्षांची आहे. लाकडी तळव्यांचे बूट घालून टकटक करत हिंडते आणि दिवसभर ज्येष्ठमधाची काळी खारट गोळी चघळते. तो चपचप आवाज माझ्या डोक्यात जातो.

हवा कोरडी आहे तोवरच आमच्या रेडिओ दुर्बिणीला आकाशातली ही लाट दिसते. फेब्रुवारी संपेपर्यंत आमचा मिक्सर वर चढला नाही, तर आमचे प्रमुख तागे अमेरिकेहून तयार मिक्सर मागवणार. मग माझा ठोकळा कागदावर ठेवायचं वजन म्हणून वापरायचा, आणि मेर्ताचं टेबल कायमचं बंद.

शुक्रवार, १५ जानेवारी

उणे अठरा. कोरडी, करकरीत थंडी. गुनिल्लानं नाताळात विणून दिलेला स्वेटर आठवडाभर अंगावरून उतरला नाही. गळ्याशी टोचतो, पण उबदार आहे. गेल्या आठवड्यापासून आमच्या बोळातलं दार उघडताना मूठ चावते. नवा नायलॉनचा गालिचा टाकलाय ना, त्याचे प्रताप. या खर्चाला मंजुरी कुणी दिली कोण जाणे.

दुसरा मिक्सर सकाळी तयार झाला. मेर्ता जेवायला गेली असताना मी तिच्या टेबलापाशी गेलो. ती ठोकळ्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर एक पितळी टोपी बसवून ठेवते. टोपी घातलेल्या शाळकरी पोरासारखं दिसतं ते. टोपी काढली, माझी तार जोडली, मोजणीयंत्राचा पडदा लावला. डायोड जिवंत असेल तर पडद्यावर हॉकीच्या काठीसारखी वळलेली रेघ येते. आली सरळ. म्हणजे तिनं माझ्या हाती मेलेलंच दिलं!

"अकरा वाजता जिवंत होता," मेर्ता म्हणाली.

"आता नाहीये."

"तार सरकली असेल. दुसरी लावते." एवढं बोलून ती गोळी चघळत बसली.

राग नाही, लाज नाही. तीन वाजता पुन्हा केक. नाचता येईना अंगण वाकडं, तर इथं अंगणालाही दोष देत नाहीत, सरळ नाचून मोकळे होतात.

मंगळवार, १९ जानेवारी

मेर्ताचा एक चमत्कारिक प्रकार आज नीट पाहिला. टेबलाशी बसण्याआधी ती भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपला हात लावते. दरवेळी. उठून पेन्सिल आणली तरी परत येऊन पाइपला हात. जुन्या म्हाताऱ्या चर्चमध्ये शिरताना करतात तसं.

कार्यशाळेतल्या बर्तिलला विचारलं. ठोकळे तोच कोरतो. म्हणाला, "अंगातली वीज उतरवते ती. तूही लावत जा."

"ठोकळा पितळेचा आहे, बर्तिल. धातूच्या बंद डब्यात बाहेरची वीज शिरत नाही. हे शाळेतलं पोरही सांगेल."

"शाळेतल्या पोरानं डायोड लावलेत का कधी?"

या माणसाला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचतो. हातावर तेल, नखात पितळ, आणि त्याच बोटांनी केकचा तुकडा उचलतो.

गुरुवार, २१ जानेवारी

तिसरा. तोच प्रकार. मेर्ता म्हणते सकाळी जिवंत, मी पडदा लावला की सरळ रेघ. मी वाटेत कुठं थांबलोही नव्हतो, आपल्या खोलीतून थेट चालत गेलो होतो.

संध्याकाळी पाचला तागेंकडे गेलो आणि सांगून टाकलं, की मेर्ताचे डोळे गेलेत. तागे खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "ती माझ्या आधीपासून इथं आहे, सिग्वार्द."

"म्हणूनच सांगतोय."

"बरं. बोलतो तिच्याशी."

बाहेर आलो तेव्हा मेर्ता बोळात बुटांवरचा बर्फ झाडत होती. माझ्याकडे बघून हसली. कुणाच्या मागं चहाडी करण्याइतका मी खालच्या थराचा नाही असं मला वाटायचं. पण खोटं तर काही बोललो नाही ना? आठ वेळा मनात घोळवलं. चहाडी नाही, माहिती दिली.

बुधवार, २७ जानेवारी

सोमवारपासून बर्फ वितळतोय. रस्त्यावर काळा चिखल, बुटात पाणी, सगळ्या इमारतीला ओल्या लोकरीचा वास. स्वेटर धुवायला टाकला.

आणि चौथा मिक्सर जिवंत! तीन दिवस झाले. तागेंच्या सांगण्यावरून मेर्तानं शहरात जाऊन नवा चष्मा आणला. जाड काचांमागं तिचे डोळे माशासारखे दिसतात. मी टोपी काढली, तार जोडली, आणि काय ती रेघ! थेट हॉकीची काठी.

दुपारी मोजणी केली. मिक्सरच्या तोंडासमोर आधी खोलीच्या तापमानाचा काळा स्पंज धरायचा, मग तोच द्रव नायट्रोजनात बुडवलेला. दोन्हींत जितका फरक दिसेल तितका मिक्सरचा स्वतःचा गोंगाट कमी. तोही तापमानातच मोजतात; पाचशे वीस केल्विन भरला. तागेंना पाचशेच्या आत हवाय. मागची भिंत थोडी सरकवली की होईल. माझं गणित चारशे चाळीस म्हणतं.

बर्तिल म्हणाला, "बघ, ठोकळा चांगला आहे." माझा ठोकळा! घरी येताना मी एकटाच शीळ घालत होतो.

मंगळवार, २ फेब्रुवारी

उणे सोळा. आभाळ निळंशार, मांजराच्या पाठीवरून हात फिरवला तर चटचट आवाज येतो. धुतलेला स्वेटर आणखी घट्ट झालाय.

चौथा मेला. चष्म्याची जादू आठवड्यात संपली.

आज मात्र माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "मेर्ता, हे शिवणकाम नाही!"

तिनं चष्मा काढून पुसला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "टोपी कोण काढतं, सिग्वार्द? मी जेवायला गेल्यावर?"

"मी काढतो. बघायला. माझा मिक्सर मी बघू नको?"

"बघ की. बघायच्या आधी पाइपला हात लावतोस ना?"

"हो, हो, लावतो," मी म्हणालो. एकदाचं तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. मेलेल्या डायोडशेजारी उभं राहून पाइपच्या गप्पा!

तिनं मान हलवली. "मग माझंच काहीतरी चुकतंय," असं पुटपुटत आत गेली. पहिल्यांदाच तिनं ते कबूल केलं, तर मला बरं वाटायला हवं होतं. उलट तोंडाला कसली तरी कडू चव आली. कॉफी असेल. इथली कॉफी म्हणजे भिजवलेली काजळी.

सोमवार, ८ फेब्रुवारी

पाचवा. या खेपेला तिनं आठवडाभर घेतला. एकेक तार दहादा वाकवली, दहादा टाकून दिली. मी काचेतून बघत होतो. स्क्रूवर बोटं ठेवायची आणि काढून घ्यायची, झग्याला पुसायची, पुन्हा ठेवायची. आधी अशी करायची नाही. आधी गुणगुणत काम करायची.

शेवटी सकाळी तयार झाला, आणि दुपारी मी जोडला तेव्हा सरळ रेघ.

केकवर या वेळी साय नव्हती. साधा, कोरडा केक, मधे चिरलेला. बर्तिलनंही एकच तुकडा घेतला. मेर्तानं स्वतः घेतलाच नाही. मला त्या केककडे बघवेना, तिच्याकडेही.

बुधवार, १० फेब्रुवारी

मेर्तानं तागेंना चिठ्ठी दिली. महिनाअखेर काम सोडतेय. बहिणीकडे राहायला जाणार.

माझ्या खोलीत स्वतः सांगायला आली. बसली नाही. दोन्ही हात पुढं धरले, जेवणाआधी लहान मुलं हात दाखवतात तसे. "बघ. थरथरतात का?"

मला थरथरताना दिसले नाहीत. पण म्हणालो, "थोडेसे."

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली. "एक चकती शिल्लक आहे. ती लावून जाते. हातात काम असताना सोडलं असं नको व्हायला."

ती गेल्यावर मला सुटल्यासारखं झालं. आणि लगेच स्वतःची किळस आली. एका म्हातारीची नोकरी गेली की सुटल्यासारखं वाटतं, असा मी कधी झालो?

तागेंच्या टेबलावर अमेरिकन कंपनीचा फॉर्म पडलाय. अर्धा भरलेला.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

मंगळवारपासून ताप. घरी अंथरुणात. गुनिल्ला दर तासाला गुलाबाच्या फळांचं गोड सूप आणून देते. त्या लाल चिकट पातेल्याकडे बघूनच घसा दुखतो.

दुपारी बर्तिलचा फोन. सहावा मिक्सर बुधवारपासून जिवंत आहे! तीन दिवस. त्यानं आणि मेर्तानं मिळून मोजला. चारशे तीस.

"किती?" मी ओरडलो.

"चारशे तीस. तुझ्या गणितापेक्षाही दहा कमी. तू घरी आजारी पडत जा, सिग्वार्द. मिक्सरला मानवतं."

मी फोन ठेवून दिला. चेष्टेलाही काही मर्यादा असते. पण चारशे तीस! ताप असूनही मी उठून खोलीभर फिरलो. गणित बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. बुधवारी दुर्बिणीवर चढवायचा.

मेर्ताचा निरोप मंगळवारी ठरलाय. शेवटी शेवटी एक तरी नीट लागला तिच्याकडून. चांगलं झालं तिच्यासाठी.

सोमवार, २२ फेब्रुवारी

हे आज नाही लिहिलं तर उद्या मी ते बदलून लिहीन.

सकाळी उणे चौदा. स्वेटर घालून गेलो. खोलीत जाऊन पत्रं चाळली, मग मेर्ताच्या टेबलाकडे. तिथं कुणी नव्हतं. बर्तिलनं मोजणीसाठी लावलेला जोड तसाच होता. त्याला तीन तोंडं. एका तोंडाला मिक्सर, दुसऱ्याला पडद्याची तार, तिसऱ्यावर मेर्ताची टोपी. टोपी असेतोवर पडद्यावर सरळ रेघ, कारण टोपीच सगळी वीज पोटात घेते. मी टोपी काढली. हॉकीची काठी उमटली. इतकी सुंदर, की मी मिनिटभर नुसता बघत उभा राहिलो.

मग टोपी परत बसवायला हात पुढं केला. बोट उघड्या तोंडातल्या सुईला लागलं; ती सुई थेट डायोडला जोडलेली. टोचलं. अगदी हलकं, दाराची मूठ चावते तेवढंच.

आणि माझ्या डोळ्यांदेखत काठी सरळ झाली.

धातूच्या बंद डब्यात वीज शिरत नाही. खरंय. पण डबा बंद कुठं होता? टोपी काढून तो उघडत कोण होतं? दरवेळी मी तार जोडायचो, तेव्हाच तो मरायचा, आणि मग मी पडद्याकडे बघून म्हणायचो, मेलेलाच दिला.

खोलीत कुणी नव्हतं. सगळे कॉफीला गेले होते. मी टोपी बसवली. टोपी असली की रेघ सरळच दिसते, म्हणजे कुणाला काही कळलं नसतं. उद्या निरोपाच्या केकनंतर कुणीतरी टोपी काढली असती, आणि सगळे म्हणाले असते, बिचारी मेर्ता. ती स्वतःही तेच म्हणाली असती. हा विचार माझ्या डोक्यात पुरता आला. नुसता येऊन गेला नाही, आत येऊन बसला. हेही लिहून ठेवतो.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं इथंच आहे, माझ्याच अक्षरात. उणे अठरा, मेला. चिखल आणि पाणी, जगला. उणे सोळा आणि मांजराची पाठ, मेला. मी अंथरुणात, जगला. चावरी मूठ, गालिचा, स्वेटर. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. तिची गोळी, तिचे बूट, बर्तिलची नखं, केकची साय, सगळ्याची शिसारी आली मला. जिची यायला हवी होती ती वस्तू रोज सकाळी आरशात दाढी करत होती.

आणि सगळ्यांत वाईट पान दोन फेब्रुवारीचं. तिनं विचारलं होतं. सरळ विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि मग स्वतःच्या हातांवरचा विश्वास काढून घेतला.

ती पानं फाडावीत असं वाटलं. फाडली नाहीत. उद्या ही वही तिच्यासमोर ठेवणार.

स्वयंपाकघरात जाऊन गुनिल्लाला विचारलं, केकला अंडी किती लागतात.

"किती जणांसाठी?"

"सहा केक करायचेत," मी म्हणालो.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

एकच केक झाला, तोही एका बाजूला बसलेला. तो टेबलावर ठेवला. मेर्तानं निरोपाचे सायीचे बन आणले होते. तागे भाषणाचा कागद काढत होते. मी म्हणालो, सहावा मेलाय, मी मारला, पहिले पाचही मीच मारले, आणि वही मेर्तापुढं सरकवली.

ती वाचत बसली. चष्मा लावून, सावकाश, एकेक पान. कुणी बन उचलला नाही. बर्तिलनंसुद्धा. मधेच तिनं मोठ्यानं वाचलं, "'तो चपचप आवाज माझ्या डोक्यात जातो.'" पुढं, "'माशासारखे दिसतात.'" कुणी हसलं नाही. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

दहा तारखेच्या पानावर ती थांबली. "माझे हात थरथरत नव्हते?"

"नाही."

"तुला दिसत होतं, नाही थरथरत ते?"

"हो."

तिनं वही मिटली. "तीन आठवडे मी घरी सुईत दोरा ओवला नाही. भीतीनं. बहिणीला सांगितलं, डोळे आणि हात एकदमच गेले. ती रडली फोनवर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा मला वीट आलाय, सिग्वार्द. खरंच वीट आलाय."

 

तागेंनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. अमेरिकेचा फॉर्म शुक्रवारपर्यंत टेबलावर राहू शकतो, म्हणाले. चकत्या संपल्यात, मी म्हणालो. मेर्तानं झग्याच्या खिशातून एक छोटी डबी काढली. एक जादाची चकती ती नेहमी बाजूला ठेवायची, आणि ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

ती उठली, टकटक करत आपल्या खोलीत गेली आणि पाइपला हात लावून सूक्ष्मदर्शकाशी बसली. मी दारात उभा राहिलो. आत जावं की परत फिरावं कळेना. बऱ्याच वेळानं तिनं वर न बघता शेजारच्या स्टुलाकडे बोट केलं.

"आधी तो स्वेटर काढ," ती म्हणाली. "बाहेरच ठेव. मग पाइपला हात लाव. मग बस, आणि बघ नीट."